खोली अलीकडची की पलीकडची? टर्मिनलमधल्या हॉटेलात रात्र काढायची तर

मराठवाड्यातून परदेशी निघालेला माणूस विमानात बसायच्या आधीच दमलेला असतो. मुंबई, दिल्ली नाहीतर हैदराबाद गाठल्याशिवाय आपल्याला बहुतेक वेळा बाहेरदेशीचे विमान मिळत नाही, आणि मुंबईहून सुटणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाटेच्या दरम्यानची. नांदेड-परभणीकडून निघालेल्या सत्तरीच्या आई-वडिलांनी ती रात्र लोखंडी खुर्चीवर काढायची आणि पुढे पंधरा-सोळा तास विमानात बसायचे, हे त्यांच्या गुडघ्यांना सोसत नाही. टर्मिनललाच जोडलेले हॉटेल अशा वेळी पैसे वसूल करून देते. मात्र खोली चुकीच्या बाजूची घेतली, तर हॉटेल पन्नास पावलांवर असूनही तिथे पोचता येत नाही. म्हणून दर, नाश्ता, फोटो हे सगळे नंतर. आधी बाजू बघा.

बाजू म्हणजे काय

टर्मिनलमध्ये एक अदृश्य रेघ असते: सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनची. रेघेच्या अलीकडचे हॉटेल म्हणजे जिथे बोर्डिंग पास नसतानाही जाता येते. पलीकडचे म्हणजे तपासणी आणि पासपोर्टवर शिक्का झाल्यावरच जिथे पाय ठेवता येतो. एकाच हॉटेलच्या खोल्या दोन्ही बाजूंना असू शकतात, आणि आरक्षणाच्या पानावर हा फरक एका बारीक ओळीत असतो. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये निरांता, दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये हॉलिडे इन एक्स्प्रेस आहे. दोन्हीकडे ‘खोली कोणत्या बाजूची’ हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

प्रवास मुंबईहूनच सुरू होत असेल, तर अलीकडचीच खोली घ्यायची. कारण साधे आहे. विमान कंपनीचे काउंटर बहुधा उड्डाणाच्या ३ तास, फार तर ४ तास आधी उघडते. बॅगा दिल्याशिवाय आणि बोर्डिंग पास हातात पडल्याशिवाय पलीकडे जाता येत नाही. म्हणजे पलीकडच्या खोलीत पाठ टेकायला जेमतेम तासभर उरतो. शिवाय इमिग्रेशनचा शिक्का पडल्यावर ‘बॅगेतली गोळी राहिली’ म्हणून परत बाहेर येणे सहज होत नाही.

पलीकडची खोली कुणासाठी? एकाच तिकिटावर विमान बदलणाऱ्यासाठी. मुंबई ते दुबई, दुबईत नऊ तास थांबा आणि पुढे टोरंटो, असा प्रवास एका तिकिटावर असेल आणि बॅगा थेट टोरंटोपर्यंत लागल्या असतील, तर दुबईत बाहेर पडायची गरजच नाही. दोन वेगळी तिकिटे काढली असतील तर बहुतेक वेळा बॅगा मधल्या विमानतळावर घ्याव्या लागतात, त्यासाठी इमिग्रेशन ओलांडावे लागते, आणि मग त्या देशाचा व्हिसाही लागतो. बॅगा कुठपर्यंत लागल्या हे काउंटरवरच्या माणसाच्या बोलण्यावर सोडू नका. चिकटवलेल्या टॅगवर शेवटच्या विमानतळाची तीन अक्षरे असतात, ती स्वतः वाचा.

परतीच्या प्रवासात वेगळाच पेच असतो. परदेशातून येताना भारतात जिथे पहिल्यांदा उतरता, तिथेच साधारणपणे बॅगा घेऊन कस्टम्समधून बाहेर यावे लागते, मग पुढचे विमान चिकलठाण्याचे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे असले तरी. म्हणजे रात्री मुंबईत उतरून सकाळचे विमान असेल तर खोली पुन्हा अलीकडचीच हवी.

तारखेची चूक, जी सगळ्यात जास्त होते

तिकिटावर ‘१५ तारीख, ०२:४०’ असे असते. आपल्या मनात ती १४ तारखेची रात्र असते, आरक्षण करणारा मुलगा मात्र तिकीट बघून १५ तारखेची खोली घेतो. खोली मिळणार १५ च्या दुपारी, आणि विमान तर १५ च्या पहाटेच उडून गेलेले. साध्या हॉटेलात ‘१५ ची रात्र’ म्हणजे १५ च्या दुपारी २ किंवा ३ पासून १६ च्या सकाळी ११-१२ पर्यंत. पहाटे २:४० च्या विमानासाठी चेक-इनची तारीख १४ हवी.

उलटही घडते. विमान १५ तारखेला रात्री १२:५० ला उतरणार आणि लगेच झोपायचे आहे, तर साध्या हॉटेलात तीही १४ चीच रात्र धरली जाते. आणि १४ ला संध्याकाळपर्यंत तुम्ही पोचला नाहीत, तर हॉटेल मध्यरात्रीच्या हिशेबात तुम्हाला ‘नो-शो’, म्हणजे आलेच नाहीत असे धरून खोली दुसऱ्याला देऊ शकते, पैसेही कापते. म्हणून उशिरा पोचणार असाल तर उड्डाण क्रमांकासह हॉटेलला आधी ईमेल करा आणि उत्तर आल्याशिवाय निर्धास्त राहू नका.

टर्मिनलमधली बरीच हॉटेले रात्रीवर नव्हे तर तासांवर खोली देतात: ३, ६, १२ तास असे. इकडून जाणाऱ्यांना हीच सोय कामाची. देवगिरी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते आणि विमान पुढच्या पहाटे २:४० ला, म्हणजे मध्ये दिवसभर. अशा वेळी सकाळी सात-आठपासून खोली घेऊन पैसे घालवण्यात अर्थ नाही. दिवस नातेवाइकांकडे काढावा आणि संध्याकाळी ५ ते रात्री ११ असा ६ तासांचा टप्पा घ्यावा. अंघोळ, गरम जेवण आणि चार तास झोप त्यात बसते. रात्री ११ ला खोली सोडली की ११:४० ला, म्हणजे बरोबर ३ तास आधी, काउंटरपाशी. काउंटर बहुतेक ठिकाणी ६० ते ७५ मिनिटे आधी बंद होते. ‘हॉटेल तर इथेच आहे’ म्हणून त्या हद्दीपर्यंत ताणू नका. टर्मिनल जोडलेले असले तरी रांगा असतात तेवढ्याच असतात.

तास कधीपासून मोजतात हे विचारून घ्या. काही ठिकाणी आरक्षणाच्या वेळेपासून, काही ठिकाणी प्रत्यक्ष चावी दिल्यापासून. गाडी दोन तास उशिरा आली तर पहिल्या पद्धतीत ते दोन तास गेले.

आरक्षणाआधी हॉटेलला फोनवर विचारायचे

‘एअरपोर्ट’ हा शब्द नावात असला की हॉटेल जोडलेले असते, असे नाही. मुंबईत अंधेरीभर अशी नावे आहेत. दिल्लीची एरोसिटी ही हॉटेलांची वसाहत टर्मिनल ३ पासून मेट्रोचे एक स्टेशन दूर आहे. हैदराबादला शमशाबादच्या विमानतळ परिसरात नोव्होटेल आहे, चांगले आहे, पण तिथून टर्मिनलला गाडीनेच जावे लागते. लातूर, नांदेड, धाराशिवकडच्या लोकांना हैदराबाद जवळ पडते, त्यांनी हे धरून वेळ काढावा. फोनवर विचारा: टर्मिनलपर्यंत छताखालून चालत येता येते का? बोर्डिंग पासशिवाय खोलीत येता येईल का? उड्डाणाच्या किती तास आधी टर्मिनलच्या दारातून आत सोडतात? शेवटचा प्रश्न फालतू वाटेल, पण आपल्याकडे तिकीट आणि ओळखपत्र दाखवल्याशिवाय सीआयएसएफचे जवान टर्मिनलमध्ये सोडत नाहीत, आणि फार आधी पोचलेल्याला दारावर थांबवले जाऊ शकते. पोचवायला आलेल्या मंडळींना तर खोलीपर्यंत येता येईलच असे नाही.

कोणते विमानतळ, कोणते टर्मिनल, हेही आता मुंबईच्या बाबतीत नीट बघावे लागते. टर्मिनल १ सांताक्रूझच्या बाजूला, २ सहारला, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. तिकिटावर मुंबईसाठी बीओएम आणि नवी मुंबईसाठी एनएमआय अशी अक्षरे असतात. टर्मिनल २ मधली खोली घेऊन विमान नवी मुंबईचे निघाले, तर जोडलेल्या हॉटेलचा उपयोग शून्य.

रेल्वेने सीएसएमटीला उतरणाऱ्यांना मेट्रो ३ सोपी पडते. ही भुयारी मार्गिका सीएसएमटीवरून थेट टर्मिनल १ आणि टर्मिनल २ च्या स्टेशनांना जाते. मात्र ती रात्रभर चालत नाही, त्यामुळे नांदेडहून रात्री पोचणाऱ्या तपोवनने येत असाल तर टॅक्सी धरूनच चाला.

पैसे

दाखवलेल्या दरात कर धरला आहे का ते बघा. एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर गेले की जीएसटी १८ टक्के लागतो. परदेशातल्या हॉटेलात काउंटरवर अनामत म्हणून कार्डावर रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्डावर ते नुसते मर्यादेतून कमी होते, डेबिट कार्डावर मात्र खात्यातला खरा पैसा काही दिवस अडकतो. म्हणून क्रेडिट कार्डच द्या, आणि घरून निघायच्या आधी बँकेच्या ॲपमध्ये त्याचा परदेशी वापर चालू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे तो नव्या कार्डावर मुळात बंद असतो, आणि मध्यरात्री परक्या काउंटरवर हे कळणे फार त्रासाचे.

विमान रखडले म्हणून रात्र काढायची वेळ आली तर खिशात हात घालायच्या आधी विमान कंपनीकडे खोली मागा. रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यान सुटणारे विमान ६ तासांहून जास्त लांबले, तर हॉटेलची सोय कंपनीने करावी असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. लांब थांब्याच्या तिकिटांवर एमिरेट्स, टर्किश अशा कंपन्यांच्या स्वतःच्या योजनाही असतात. त्यांच्या अटी तिकीट काढतानाच वाचाव्यात.

परदेशातली हॉटेले आणि व्हिसा

दुबईच्या टर्मिनल ३ मधले दुबई इंटरनॅशनल हॉटेल आणि दोहाचे ओरिक्स पलीकडची आहेत, बाहेर न पडता जाता येते. सिंगापूरला टर्मिनल ३ ला जोडलेले क्राउन प्लाझा आणि विमानतळावरच्याच ज्वेल या मॉलमधले योटेलएअर अलीकडची, तर एरोटेल पलीकडचे. इस्तंबूलच्या योटेलएअरमध्ये दोन्ही बाजू आहेत. फ्रँकफर्टचे शेरेटन टर्मिनल १ ला पुलाने जोडलेले, लंडनचे सोफिटेल टर्मिनल ५ ला जोडलेले. पण दोन्ही अलीकडची, म्हणजे त्या देशात प्रवेश करावाच लागतो. इथे भारतीय पासपोर्टवाले फसतात. नुसता विमानतळ-ट्रान्झिट व्हिसा, म्हणजे आतल्या आत विमान बदलण्यापुरता, असेल तर इमिग्रेशन ओलांडता येत नाही. फ्रँकफर्टच्या त्या खोलीसाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा हवा, लंडनच्या खोलीसाठी हद्दीतून आत येऊ देणारा ब्रिटिश व्हिसा. अमेरिकेत तर ट्रान्झिटची वेगळी बाजूच नाही. विमान बदलायचे असले तरी पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होते, बॅगा घ्याव्या लागतात.

हातातली बॅग

बॅगा थेट पुढे लागल्या की रात्रीला जवळ उरते ती हातातली बॅग. तिच्यात एक जोड कपडे, दोन दिवसांची औषधे, चष्मा, चार्जर आणि प्लगचा अडॅप्टर ठेवा. दुबई, दोहा, सिंगापूरला जाड तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग, फ्रँकफर्ट-इस्तंबूलला गोल पिनांचा. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत टाकू नका, सामानाच्या कप्प्यात ते गोठून वाया जाऊ शकते. पॉवर बँकही हातातच.

दशम्या आणि धपाटे खुशाल न्या, खोलीत रात्री त्यांच्याइतके पोटाला मानवणारे काही मिळत नाही. सोबतचे दही मात्र आंतरराष्ट्रीय तपासणीत १०० मिलीच्या नियमात अडकते, तेलकट लोणचेही. आणि काळ्या मसाल्याबद्दल मनापासून सांगायचे आहे: त्यात खसखस असते, आणि खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेला पदार्थ आहे. दुबईत अलीकडच्या हॉटेलात राहायचे म्हणजे बॅगा कस्टम्समधून जाणार. लेकीसाठी दिलेला पावशेर मसाला तिथे गुन्हा ठरू शकतो, तो घरीच ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही काढा. तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात, म्हणून विमान कंपन्या त्या अडवतात.

खोलीत आणि निघताना

टर्मिनलमधल्या खोल्यांना पुष्कळदा खिडकी नसते, असली तर उघडत नाही. दिवस की रात्र कळत नाही, म्हणून फोनच्या गजरासोबत काउंटरवर ‘वेक-अप कॉल’ही सांगून ठेवा आणि फोन स्थानिक वेळ दाखवतो आहे ना ते तपासा. छताला धूर ओळखणारे यंत्र असते. पहाटेच्या पूजेला उदबत्ती लावली तर ते वाजते आणि दंडही होऊ शकतो. ड्युटी-फ्रीमधून घेतलेली बाटली मोहोरबंद पिशवीतून काढू नका, पुढच्या तपासणीत उघडलेली पिशवी चालत नाही.

व्हीलचेअर हवी असेल तर विमान कंपनीकडे ४८ तास आधी नोंदवा. पण कंपनीची व्हीलचेअर टर्मिनलच्या दारापासून किंवा काउंटरपासून मिळते, हॉटेलच्या खोलीपासून नाही. जोडमार्ग लांब असतात, त्यामुळे खोली ते काउंटर एवढ्या टप्प्यासाठी हॉटेलकडे वेगळी मागा आणि नाव लिहून घेतले का ते पाहा.

परतीला पहाटे ३ ला उतरलात तर बॅगा घेऊन बाहेर यायला साडेचार होतात. तेव्हा जालन्याहून आलेल्या गाडीत बसून लगेच समृद्धीला लागू नका. गाडी चालवणाराही रात्रभर जागा असतो. ६ तासांची खोली घ्या, चालकाच्या झोपण्याचीही सोय बघा, आणि उजाडल्यावर निघा. रेल्वेने जायचे असेल तर दुपारची वंदे भारत या वेळेला नीट जुळते. खोली सोडताना तिजोरी उघडून पाहा. पासपोर्ट बहुतेक वेळा तिथेच राहतो.