ठळक सेरिफ शिकायचाय? क्लॅरेंडनपासून सुरुवात करा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या छापखान्यांसाठी आणि पाटी बनवणाऱ्यांसाठी मी आर्टवर्क करते. नवी मुलं विचारतात, आधी कोणता टाइप अभ्यासू? मी क्लॅरेंडन सुचवते. हा ठळक रोमन टाइप सेरिफवाला आहे, म्हणजे रेघांच्या टोकांना छोट्या आडव्या पट्ट्या असलेला.

१८४५ साली लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीतून, म्हणजे टाइप ओतणाऱ्या कारखान्यातून, रॉबर्ट बेस्ली यांनी तो बाजारात आणला. कोरला बेंजामिन फॉक्स यांनी. कायद्याने मिळालेलं संरक्षण तीनच वर्षांचं होतं. ते संपताच इतर फाउंड्र्यांनी भराभर नकला काढल्या. त्याआधीचे जाड टाइप मुख्यतः जाहिरातींसाठी होते. हा मात्र साध्या मजकुराच्या ओळीतच एखादा शब्द उठून दिसावा म्हणून घडवलेला, त्यामुळे शब्दकोशांत फार उपयोगी पडला.

एक 'a' मोठा करून छापा आणि पेन्सिलीने आतली मोकळी जागा रंगवा. उभ्या रेघा भरपूर जाड आहेत, आडव्या तुलनेने कमी, म्हणून अक्षराचं पोट उघडं राहतं. सेरिफही जाडजूड, पण उभ्या रेघेला वळण घेऊन मिळतात. आता एखाद्या साध्या फॉन्टला सॉफ्टवेअरमध्ये चहूबाजूंनी आउटलाइन चढवून बघा. जाडी सगळीकडे सारखीच वाढते, 'a' आणि 'e' बुजतात. मराठीत 'क्ष', 'द्ध' यांचं तर पार गिचमिडं होतं. ठळक अक्षर वेगळं रेखाटावं लागतं, आणि ते रेखाटताना काळ्याइतकाच पांढऱ्याचा विचार करावा लागतो. नव्या माणसाचं काम मी यावरूनच पारखते.

बोदोनीच्या घराण्यातले, म्हणजे जाड-बारीक रेघांत टोकाचा फरक असलेले, ठळक टाइप मासिकाच्या मुखपृष्ठावर देखणे दिसतात. गोखले रोडवरच्या दुकानाच्या पाटीला मी ते देत नाही. मागून दिवा लागला की त्यांच्या केसासारख्या रेघा उजेडात हरवतात आणि ॲक्रिलिक कापताना तुटतात. तिथे क्लॅरेंडन टिकतो. लांबलचक परिच्छेदाला मात्र दोन्ही नकोत.

खरी कसोटी मराठी आणि रोमन अक्षरांच्या जोडीची. महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पॉइंट साइझ सारखी ठेवली तरी देवनागरी बऱ्याचदा लहान दिसते. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची रोमन कॅपिटलशी प्रत्यक्ष मोजा. देवनागरीला सेरिफ नसतात, त्यामुळे जोड जुळवायची ती जाड-बारीक रेघांच्या फरकावरून. सरावासाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन हा फॉन्ट मोफत मिळतो. त्यात दोन्ही लिप्या एकाच वजनात, म्हणजे सारख्या ठळकपणाने, रेखाटल्या आहेत. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे येतात का, हेही प्रत्येक फॉन्टमध्ये तपासा.

मुलाखतीला येताना एकाच दुकानाची पाटी, बिल आणि पिशवी करून आणा. तिन्ही खऱ्या मापात छापलेली असू द्या. पाटीचं एखादं अक्षर पूर्ण आकारात असलं तरी चालेल.