मध्ययुगातील आणि आजच्या जीवनमानाची तुलना कशी करावी

सर्वप्रथम सरासरी आयुर्मानाच्या आकड्याकडे सावधपणे पाहावे. मध्ययुगीन युरोपात जन्मावेळचे अपेक्षित आयुर्मान साधारण ३० ते ३५ वर्षे होते, असे वाचल्यावर तिशीतला माणूस तेव्हा म्हातारा गणला जाई, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात दगावणाऱ्या बालकांमुळे ही सरासरी खाली येई आणि विशी ओलांडलेले अनेक जण पन्नाशी-साठी गाठत. म्हणून बालमृत्यू आणि प्रौढांचे आयुष्य वेगवेगळे मांडावे. १३४७ ते १३५१ मधील प्लेगसारखी साथीची वर्षेही सामान्य वर्षांत मिसळू नयेत.

त्यानंतर सांगाड्यांच्या पुराव्याकडे वळावे, कारण लेखी नोंदी बहुधा धनिकांच्याच असतात. दात विशेष बोलके असतात: जात्याच्या दगडाची कच पिठात उतरल्याने ते झिजलेले दिसतात, साखर दुर्मीळ असल्याने कीड मात्र पुढच्या शतकांच्या मानाने कमी आढळते, आणि इनॅमलवरील (दाताच्या कठीण बाह्य थरावरील) आडव्या रेघा बालपणीची उपासमार किंवा आजारपण दाखवतात. उत्पन्नाची तुलना नाण्यांत करू नये, एका दिवसाच्या मजुरीत किती धान्य येई, हे मोजावे.