चार्टवर भाव आलाच नाही, मग स्टॉपलॉस उडाला कसा? करन्सीचा चार्ट पाहताना या चुका टाळा

१९ फेब्रुवारीची सकाळ. बाहेर शिवजयंतीचं ढोलपथक, आत आमच्या ऑफिसात नवा पोरगा घामाघूम. डॉलर-रुपयाचा चार्ट नऊ वाजल्यापासून हललाच नव्हता. त्याने टर्मिनल बंद करून उघडलं, राउटर काढून लावला, शेवटी सॉफ्टवेअरच उडवून नव्याने टाकायला घेतलं. "निफ्टी चालू आहे ना दादा, म्हणजे नेट आहे. करन्सीचाच फीड गेलाय." फीड कुठेच गेला नव्हता. त्या दिवशी महाराष्ट्रात बँका बंद, म्हणून एनएसईचा करन्सी सेगमेंटही, म्हणजे चलनांच्या सौद्यांचा विभागही, बंद. शेअरबाजार मात्र चालू. १ एप्रिललाही, बँकांच्या वर्षअखेरीमुळे, हाच प्रकार होतो. करन्सीची सुट्ट्यांची यादी शेअरबाजारापेक्षा वेगळी आणि लांब असते. ती छापून भिंतीवर लावली की निम्मी 'तांत्रिक अडचण' तिथेच मिटते.

मी निफाडकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराचे हिशेब बघतो. माल न्हावा शेवाहून रॉटरडॅमला जातो, पैसे युरोत येतात, तेही महिना-दीड महिन्याने. तोवर भाव घसरला तर काय, म्हणून एक्स्चेंजवर फ्युचर, म्हणजे पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाला, विकून ठेवायचं, एवढाच माझा करन्सीशी संबंध. युरो-रुपया म्हणजे शेवटी युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. त्यामुळे दिवसा एनएसईचा चार्ट आणि संध्याकाळी मेटाट्रेडर या चार्ट-सौद्यांच्या सॉफ्टवेअरच्या डेमोवर (खोट्या पैशांच्या सराव-खात्यावर) युरो-डॉलर, अशी दोन्हीकडे नजर ठेवावी लागते. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलोय.

चार्ट बिडचा, सौदा आस्कवर

स्टॉपलॉस म्हणजे भाव उलटा जाऊन ठरवलेल्या रेघेला लागला की सौदा आपोआप कापणारी ऑर्डर. सगळ्यात जास्त भांडणं याच्यावरून होतात. 'युरो-डॉलर विकला होता, माझा स्टॉपलॉस १.०८५०० ला होता, चार्टवर वरचं टोक १.०८४८० आहे, तरी सौदा कापला. ब्रोकर चोर आहे.'

ब्रोकर चोर असेलही, पण आधी हे बघा. मेटाट्रेडर ४ मध्ये चार्ट काढला जातो तो फक्त बिडचा, म्हणजे ज्या भावाला तुम्ही विकू शकता त्या भावाचा. तुम्ही आधी विकून ठेवलं असेल तर सौदा बंद करताना तुम्हाला खरेदी करायची असते, आणि खरेदी होते आस्कला. आस्क चार्टवर दिसतच नाही. दिवसा युरो-डॉलरमधलं अंतर, म्हणजे स्प्रेड, समजा ०.०००१२ असेल. न्यूयॉर्कचा दिवस संपतो (आपल्याकडे तेव्हा पहाट) तेव्हा बाजारात माणसं कमी असतात आणि हेच अंतर फुगून ०.०००३५ होतं. आता बेरीज करा: १.०८४८० अधिक ०.०००३५ म्हणजे १.०८५१५. स्टॉपलॉस ओलांडून भाव पुढे गेलासुद्धा, आणि कॅन्डलला (ठरावीक वेळेतला भाव दाखवणाऱ्या चार्टवरच्या उभ्या ठोकळ्याला) त्याचा पत्ताही नाही.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. चार्टवर असताना एफ८ दाबा, 'कॉमन' टॅबमध्ये 'शो आस्क लाईन'वर खूण करा. मेटाट्रेडर ५ मध्ये तीच सोय 'शो' टॅबमध्ये आहे. पण ही रेघ फक्त आत्ताचा आस्क दाखवते, रात्रीचा नाही. रात्री काय झालं ते पाहायचं तर अकाउंट हिस्टरीत सौदा बंद झाल्याचा भाव बघा. तो कॅन्डलच्या टोकापेक्षा थोडा वर असेल, आणि फरक स्प्रेडएवढाच असेल, तर भांडायला जागा नाही. फरक त्याच्या कितीतरी पट असेल तर मात्र जर्नलचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नोंदवहीचा, स्क्रीनशॉट काढून जरूर भांडा.

विकलेल्या सौद्याचा स्टॉपलॉस चार्टवरच्या टोकाच्या वर ठेवताना त्यात स्प्रेड मिळवायचा असतो, आणि तो दिवसाचा नव्हे, पहाटेचा. खरेदीच्या सौद्यात हा घोळ स्टॉपलॉसला नसतो, कारण तो बिडलाच कापला जातो. तिथे घोळ होतो पेंडिंग ऑर्डरला, म्हणजे 'अमुक भाव आला की घे' असं आधीच सांगून ठेवलेल्या ऑर्डरला: 'भाव माझ्या रेघेला लागला, पण खरेदी झालीच नाही.' कारण तेच.

एनएसईचा चार्ट मात्र या जातीचा नाही. तो शेवटच्या झालेल्या सौद्याचा असतो, त्यात बिड-आस्कचा प्रश्न येत नाही. म्हणून एका चार्टवर शिकलेली सवय दुसऱ्यावर तशीच चालवू नका.

आणि स्प्रेड धरूनही रेघ म्हणजे हमी नव्हे. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी बांधलेली १.२० फ्रँकची मर्यादा अचानक सोडली. त्या रेघेखाली स्टॉपलॉस लावून निर्धास्त झोपलेल्यांचे सौदे रेघेवर नाही, कितीतरी खाली कापले गेले. मधल्या भावांना घेणारंच कुणी नव्हतं.

कुणाचं घड्याळ?

मेटाट्रेडरच्या खालच्या पट्टीतली वेळ आपली नसते, ब्रोकरच्या सर्व्हरची असते. बरेच ब्रोकर सर्व्हरचं घड्याळ असं लावतात की न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५ वाजले की सर्व्हरवर मध्यरात्र होते. आपल्याकडे तेव्हा उन्हाळ्यात पहाटेचे २.३० आणि हिवाळ्यात ३.३० झालेले असतात. आपली वेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तासाची कॅन्डलसुद्धा आपल्या घड्याळात साडेदहा, साडेअकरा अशी सुरू होते. एनएसईवर रुपयाच्या जोड्या ९ ते ५, तिथली तासाची कॅन्डल बरोबर तासाला. दोन चार्ट शेजारी ठेवून 'इकडे हिरवी, तिकडे लाल कशी?' असं विचारणाऱ्याने आधी हा अर्धा तास मोजावा.

रोजच्या कॅन्डलला तर याने जास्तच फरक पडतो. ज्या ब्रोकरचा सर्व्हर ग्रीनिचच्या वेळेवर चालतो त्याच्या चार्टवर रविवारची दोन-तीन तासांची चिमुकली कॅन्डल उगवते, आणि आठवड्याला पाचाऐवजी सहा कॅन्डल होतात. मग २० दिवसांची सरासरी म्हणजे नेमके किती दिवस? एकाच जोडीवर दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी सरासरी दिसली की बहुतेक वेळा हेच कारण निघतं.

आमच्या हंगामात यात आणखी एक गोम आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे जातात. तिथल्या नोकऱ्यांचा मासिक आकडा, जो सहसा पहिल्या शुक्रवारी येतो, फेब्रुवारीत आपल्याकडे संध्याकाळी ७ ला येतो आणि एप्रिलमध्ये ६ ला. एका एप्रिलमध्ये मी 'अजून तास आहे' म्हणत चहा घ्यायला खाली उतरलो होतो. वर आलो तोवर एकच उभी कॅन्डल अख्ख्या आठवड्याची कमाई-घसरण करून मोकळी झाली होती.

डॉलर-रुपया: कुठला भाव, कुठल्या महिन्याचा?

समजा, गुगलवर डॉलर ८५.०० आणि टर्मिनलवर ८५.१४. चूक कुणाची? कुणाचीच नाही. पहिला हजर भाव, दुसरा पुढच्या महिन्यात संपणाऱ्या फ्युचरचा. दोन देशांच्या व्याजदरांतला फरक फ्युचरच्या भावात मिसळलेला असतो. तो वर्षाला २ टक्के धरला तर ८५ रुपयांवर महिन्याला साधारण १४ पैसे होतात. मुदत जवळ येते तसतसे हे पैसे विरत जातात. फ्युचरची मुदत संपते महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी, दुपारी साडेबाराला.

खरा घोटाळा पुढे आहे. बरीच चार्टिंग सॉफ्टवेअर जुना महिना संपला की नवा त्याला जोडून एकच सलग चार्ट दाखवतात. जोडावर १४-१५ पैशांची पायरी दिसते. रुपया त्या दिवशी जागचा हललेला नसतो, पण चार्टवर 'ब्रेकआउट', म्हणजे भाव जुनी पातळी फोडून निघाल्याचा भास! डॉलर-रुपयाच्या फ्युचरमध्ये १५ पैसे म्हणजे लहान गोष्ट नव्हे. १००० डॉलरच्या एका लॉटमागे (सौद्याच्या ठरलेल्या गठ्ठ्यामागे) १५० रुपये. जोडाच्या आसपासची कुठलीही उडी आधी त्या-त्या महिन्याच्या सुट्या चार्टवर ताडून बघायची.

लांबच्या महिन्यांचे चार्ट तर शक्यतो वाचूच नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३ मे २०२४ पासून रुपयाच्या जोड्यांत सौदा करायला खरं येणं-देणं असावं लागतं. १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत, पण येणं-देणं खरंच हवं. त्यानंतर नुसती सट्टेबाजी करणारे पांगले आणि उलाढाल खूप आटली. लांबच्या महिन्यात तासन् तास सौदाच होत नाही. कॅन्डलऐवजी आडव्या डॅश दिसतात, मधेच एक लांबलचक काडी. ती काडी म्हणजे कुणा एकाने घाईत मारलेला सौदा असू शकतो. तिच्यावरून 'रिव्हर्सल' (भावाची दिशा उलटली असं) वाचणं म्हणजे एका माणसाच्या शिंकेवरून साथ जाहीर करण्यासारखं.

जाता जाता: डॉलर-रुपयाचा चार्ट वर जातो तेव्हा रुपया पडत असतो. हसू नका, पहिल्या महिन्यात सगळेच इथे एकदा उलटे पडतात. येनचा भाव १०० येनमागे असतो, तेही तिथेच लक्षात ठेवा.

डोंगर की उंबरठा

सॉफ्टवेअर आपल्या बुद्धीने चार्ट स्क्रीनभर ताणतं. २०२३ च्या शेवटच्या तिमाहीत डॉलर-रुपया ८३ च्या आसपास जेमतेम अर्ध्या रुपयाच्या पट्ट्यात फिरत होता. स्क्रीनवर मात्र सह्याद्रीच्या रांगा. २८ ऑगस्ट २०१३ ला रुपया एका दिवसात अडीच रुपयांहून जास्त घसरून ६८.८० ला गेला, त्या दिवसाचा पाच मिनिटांचा चार्टही ताणून तेवढ्याच उंचीचा दिसेल. आमचे आप्पा, म्हणजे मालक, दुपारी मोबाईलवर बघून फोन करायचे, "अरे, युरो कोसळला की! विकून टाक." उजवीकडची पट्टी वाचली तर पडझड ४ पैशांची.

यावर मी दोन गोष्टी केल्या. एफ८ मधूनच 'स्केल फिक्स' लावून युरो-डॉलरच्या चार्टची उंची ठरवून ठेवली, आणि एनएसईच्या चार्टशेजारी कागद चिकटवला: '१० पैसे = लॉटला १०० रुपये'. आप्पांना आता पैशांत नाही, लॉटच्या रुपयांत सांगतो. फोन कमी झाले.

मोजण्यातलीच दुसरी चूक दशांशाची. युरो-डॉलर पाच दशांशांत दिसतो; पाचव्या दशांशाचा एक आकडा म्हणजे पॉइंट, पिप (भाव मोजायचं रूढ माप) मात्र चौथा दशांश. मेटाट्रेडरच्या क्रॉसहेअरने (कंट्रोल आणि एफ) अंतर मोजलं की मधला आकडा पॉइंटमध्ये येतो: २०० म्हणजे २० पिप. '२० चा स्टॉपलॉस' म्हणून २० पॉइंट टाकले तर ते २ पिप झाले; स्प्रेडच खाऊन टाकेल.

चार्ट अडकला तर

सुट्टी नाही, शनिवार-रविवार नाही, तरी चार्ट गप्प. मग या क्रमाने बघा. खाली उजव्या कोपऱ्यात कनेक्शनचा आकडा बदलतोय का? बदलत असेल तर 'ऑटो स्क्रोल'चं बटण चुकून बंद झालंय का? चार्ट मागे ओढून पाहिला की नवी कॅन्डल पडद्याबाहेर तयार होत राहते आणि आपण जुन्याच कॅन्डलकडे बघत बसतो. दहातले सात वेळा हेच. 'वेटिंग फॉर अपडेट' असं लिहून आलं तर जोडीचं नाव बघा. काही ब्रोकर नावामागे एखादं अक्षर किंवा टिंब जोडतात आणि जुन्या प्रोफाइलमधलं नाव नव्या खात्यात नसतं. मार्केट वॉचवर राइट क्लिक करून 'शो ऑल' करा, तिथून जोडी ओढून चार्टवर सोडा.

मधल्याच कॅन्डल गायब असतील तर चार्टवर राइट क्लिक करून 'रिफ्रेश'. भोकं राहिलेल्या चार्टवर लावलेला इंडिकेटर, म्हणजे भावांवरून हिशेब करून खूण काढणारं साधन, त्या भोकांवरूनच हिशेब करतो आणि बिनदिक्कत आकडा दाखवतो.

इंडिकेटरबद्दल फार लिहीत नाही. एवढंच की शेवटची कॅन्डल बंद होईपर्यंत तिच्यावरचा सिग्नल कच्चा असतो. झिगझॅगसारखे इंडिकेटर तर आपलं शेवटचं टोक मागाहून पुसून दुसरीकडे काढतात. जुन्या चार्टवर ते देवासारखे अचूक दिसतात ते त्यामुळेच.

कॅन्डल फक्त तुमच्याकडेच दिसते?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये अनधिकृत फॉरेक्स प्लॅटफॉर्मची पहिली सावध-यादी काढली, तिच्यात ३४ नावं होती. पुढे ती वाढतच गेली. यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असं नव्हे, हे बँकेनेच स्पष्ट केलंय. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) पाठवायला फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, मुभा नाही. मेटाट्रेडर हे नुसतं सॉफ्टवेअर आहे. ते कुणीही भाड्याने घेऊन त्यात आपल्या सर्व्हरचे भाव सोडू शकतो.

एका नातेवाइकाने मला स्क्रीनशॉट पाठवला होता. पाउंड-डॉलर, मंगळवार, दुपारी सव्वातीन, एका मिनिटात ९० पिपची काडी खाली आणि पुन्हा वर. त्याचं खातं साफ. मी तेच मिनिट दुसऱ्या तीन ठिकाणी उघडलं. तिन्हीकडे त्या मिनिटाची उंची ४ पिपच्या आत. "त्यांच्या सपोर्टला विचारलं का?" म्हटलं. विचारलं होतं. त्यांनी उत्तरादाखल त्याच सर्व्हरचा तोच चार्ट पाठवला होता, काडीभोवती लाल गोल काढून.