नोंदींसाठी छोटा लिनक्स बोर्ड: माझा अनुभव

मिनिटाला एक तापमान लिहायचं, तेवढ्यासाठी डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवणं म्हणजे विजेची उधळपट्टीच. म्हणून रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा लिनक्स बोर्ड घेतला: ५१२ एमबी रॅम, अंगचंच वायफाय, नुसता बसून असताना वीज एका वॅटच्या आसपास. डीएस१८बी२० या तापमानाच्या सेन्सरची डेटाची तार बोर्डाच्या जीपीआयओ ४ या पिनेला, तिच्यात आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. इथवर सगळं सोपं.

डोकेदुखी वीज गेल्यावर. या बोर्डावर बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. वीज आली, पण राउटर उशिरा उठला, की एनटीपीकडून (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) वेळ मिळेपर्यंतच्या नोंदींवर मागचीच वेळ पडायची आणि आलेख उलटा फिरायचा. डीएस३२३१ घड्याळाचं मोड्यूल आयटूसी (दोन तारांवरून चिप जोडायची पद्धत) पिनांना लावलं, कॉन्फिगमध्ये त्याचा ओव्हरले (हे मोड्यूल जोडलंय असं सिस्टीमला सांगणारी ओळ) टाकला, शेवटची वेळ जपून तीच पुन्हा लावणारं सिस्टीमचं खोटं घड्याळ काढून टाकलं. आलेख सुतासारखा सरळ!

एसडी कार्ड सारख्या लिहिण्याने झिजतं, म्हणून नोंदी आधी रॅममध्ये आणि दर पंधरा मिनिटांनी एकदम कार्डावर. मध्येच वीज गेली तर तेवढ्यावर पाणी, मला चालतं. सेन्सरने मधूनच नेमके ८५ अंश दाखवले तर घाबरू नका, वीज मिळताच त्यात असणारा तो मूळ आकडा आहे. स्क्रिप्टमध्येच गाळा.