छोट्या वायरलेस उपकरणासाठी अँटेना कशी डिझाइन करावी

छोट्या उपकरणाची रेंज कमी पडली की संशय आधी रेडिओ चिपवर जातो. बहुतेक वेळा खरं कारण वेगळंच असतं: सगळे भाग बसवून झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात अँटेना कोंबलेली असते. म्हणून बोर्डाचा आराखडा काढताना पहिली जागा अँटेनासाठी राखा.

१. तरंगलांबी काढा. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या फ्रिक्वेन्सीने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. २४५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी १२२ मिमी, म्हणजे पाव तरंगलांबी सुमारे ३१ मिमी. ८६८ मेगाहर्ट्झला तीच ८६ मिमी होते. तार नागमोडी दुमडून जागा वाचवता येते, पण त्याची किंमत मोजावी लागते. १९४० च्या दशकात व्हीलर आणि चू या अभियंत्यांनी ही मर्यादा गणिताने मांडली: अगदी लहान अँटेनाचा आकार निम्मा केला आणि कार्यक्षमता तेवढीच ठेवली, तर बँडविड्थ (अँटेना नीट चालते तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) साधारण आठव्या हिश्श्यावर येते.

२. ग्राउंडकडे अँटेनाचाच भाग म्हणून बघा. पाव तरंगलांबीच्या अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे बोर्डावरचं ग्राउंडचं तांबं. ८६८ मेगाहर्ट्झचं उपकरण ४० मिमीच्या बोर्डावर बसवलं, तर ग्राउंड फारच लहान पडतं आणि महागडी चिप अँटेनाही (बोर्डावर सोल्डर करायची छोटी, तयार अँटेना) ही कसर भरून काढू शकत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

३. प्रकार आणि जागा ठरवा. २.४ गिगाहर्ट्झसाठी बोर्डावरच कोरलेली उलट्या एफ आकाराची अँटेना उत्तम. वेगळा खर्च नाही. जागा फारच कमी असेल तर चिप अँटेना घ्या आणि उत्पादकाने दिलेला नमुना जसाच्या तसा उतरवा. अँटेना बोर्डाच्या कडेला ठेवा. तिच्याखाली कोणत्याही थरात तांबं नको. बॅटरी, स्क्रू आणि डिस्प्लेही लांब ठेवा.

४. फीड लाइन, म्हणजे रेडिओ चिपपासून अँटेनापर्यंतची पट्टी, ५० ओहमची ठेवा. वाटेत तीन घटकांच्या पाय (π) नेटवर्कसाठी, म्हणजे अँटेनाची चिपशी जुळणी करणाऱ्या सर्किटसाठी, जागा सोडा, आज गरज वाटत नसली तरीही.

५. ट्यूनिंग केसिंगसकट करा. प्लास्टिक जवळ आलं की रेझोनन्स (अँटेना सगळ्यात चांगली चालते ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो, त्यामुळे उघड्या बोर्डावरचं ट्यूनिंग शेवटी उपयोगी पडत नाही. बोर्डाला पातळ कोअॅक्स केबल सोल्डर करा आणि नेटवर्क अॅनालायझर केबलच्या टोकाशी कॅलिब्रेट करा. हे यंत्र एस-११ चा, म्हणजे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचा, आलेख दाखवतं. मग केबल हाताने धरून बघा. आलेख हलला, तर केबलच अँटेनासारखी वागते आहे. तिच्यावर फेराइट मणी चढवा. अँटेनाची पट्टी मुद्दाम थोडी लांब ठेवलेली असावी. टोकाकडून अर्धा-अर्धा मिलिमीटर कापत जा. दर कापाला आलेखातली दरी (रेझोनन्सची जागा) वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकेल. जुळणीत उरलेला फरक पाय नेटवर्कने भरा. पूर्ण बँडमध्ये एस-११ उणे १० डेसिबलच्या खाली आला, म्हणजे परत येणारी शक्ती दहा टक्क्यांपेक्षा कमी. उणे ६ ला पाव हिस्सा परत येतो. खूप लहान उपकरणात तेवढंही चालवून घेतात.

६. फक्त एस-११ वर विसंबू नका. ५० ओहमचा साधा रेझिस्टर लावला तरी एस-११ अप्रतिम दिसतो, आणि प्रक्षेपण मात्र शून्य! म्हणून उपकरण मोकळ्या जागेत ठराविक अंतरावर ठेवा, वेगवेगळ्या दिशांना फिरवा आणि समोरच्या रिसीव्हरवर सिग्नलची पातळी नोंदवा. हातात धरून वापरायचं उपकरण असेल, तर हीच मोजणी हातात धरूनही करा. चांगली चाललेली एखादी जुनी अँटेना त्याच जागी ठेवून तुलना केली, तर नवी नेमकी किती कमी-जास्त आहे ते डेसिबलमध्ये कळतं.