रात्री अंग खाजतं? घरातून खरूज कशी घालवायची

खाज सुटली की आपल्याकडे माणूस सरळ मेडिकलमध्ये जातो, "भाऊ, खाजेची ट्यूब द्या" म्हणतो आणि मेडिकलवाला जी देईल ती चोळून मोकळा होतो. मी अकरा वर्षं झाली यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आशाचं काम करते, आणि दर हिवाळ्यात मला पाच-सहा घरं तरी अशी सापडतात की तीन-तीन महिने खाज चालू आहे, चार ट्यूबा संपल्या आहेत आणि लेकरांच्या बोटांत पू झालाय. खाज कशाची आहे ते आधी ओळखा, मग औषध. उलटं केलं की पैसा जातो आणि आजार मुरतो.

ओळखायला फार वेळ लागत नाही. उन्हाळ्यात मानेवर, पाठीवर बारीक लाल पुरळ येऊन टोचतं त्या घामोऱ्या, थंड पाण्यानं अंघोळ, सैल सुती कपडे आणि कूलरची हवा, बस. थंडीत पायाच्या नळ्या पांढऱ्या पडून खाजतात ती कोरडी कातडी, तिच्यासाठी कढत पाणी बंद, साबण कमी, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन. गांधी उठल्या, थोड्या वेळात एकीकडच्या बसल्या आणि दुसरीकडे उठल्या तर ते पित्त. पण त्यात ओठ-जीभ सुजली किंवा दम लागला तर घरी थांबायचंच नाही, तिथूनच दवाखाना गाठायचा.

निंदण करून आल्यावर चेहरा, पापण्या, मान, हाताचा उघडा भाग असं सगळं आग होऊन खाजत असेल तर वावरातलं गाजर गवत बघा. ते उघड्या हातानं उपटू नका, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला आणि फुलावर यायच्या आधीच काढा.

कापसाचं आपल्याकडे वेगळंच आहे. भाव नाही म्हणून कापूस घरात भरून ठेवतो आणि त्याच खोलीत झोपतो. त्या कापसात बोंडअळी असली की अळीवर जगणारे, डोळ्यानं न दिसणारे बारीक किडे असू शकतात, ते माणसालाही चावतात. दोन-तीन रात्री दुसऱ्या घरी झोपून बघा. खाज उतरली तर कापूस दुसऱ्या खोलीत हलवा, अंगाला औषध चोळत बसू नका.

गोल चट्टा, कडा लाल आणि उठलेल्या, मधे साफ होत चाललेलं, जांघेत नाहीतर कमरेला, ते गजकर्ण. ते बुरशीनं होतं आणि इथे मला हात जोडून सांगायचं आहे की तीन-चार औषधं एकत्र केलेली ती ट्यूब लावू नका. तिच्यावर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन असलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो, पण बुरशी आत पसरत राहते, चट्ट्याचा आकार बदलतो आणि मग डॉक्टरलाही पटकन ओळखू येत नाही, वर जांघेतली कातडी पातळ होऊन पांढऱ्या रेघा पडतात त्या जन्माच्या. 2018 साली सरकारनं अशी 14 स्टेरॉइड शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत, तरी आमच्याकडे चिठ्ठी कोण मागतं. गजकर्णाचं औषध डॉक्टरकडूनच घ्या, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावा आणि चट्टा गेला तरी दोन आठवडे चालू ठेवा.

काही खाजा घरी बघायच्याच नाहीत. पुरळ काहीच नाही पण अंगभर खाज आहे, डोळे पिवळे, लघवी गडद, तर लिव्हर तपासा. शेवटच्या महिन्यांतल्या गरोदर बाईचे तळहात-तळपाय रात्री खाजत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, बाळाला धोका असू शकतो. आणि फिकट चट्टा आहे, खाजत नाही, उलट तिथे टोचलेलं कळत नाही, तर तो कुष्ठरोग असू शकतो. लपवू नका, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि पूर्ण बरा होतो.

आता खरूज. यावरच जास्त लिहिणार आहे, कारण इथे मी स्वतः तीन महिने चुकत होते.

माझी मोठी पोरगी होस्टेलमधून दिवाळीला आली आणि लहाना तिच्यासोबत एकाच वाकळेत झोपला. डिसेंबरात तो रात्रभर खाजवायला लागला. कापूस घरात होता म्हणून मी कापसावर ढकललं. मग आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमनी त्याच्या बोटांच्या बेचक्यात टॉर्च मारला आणि मला दाखवलं, केसाएवढी बारीक, करड्या रंगाची, वाकडीतिकडी रेघ, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी लांब. त्यांनी पेनची शाई वरून लावली आणि स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, बाकीची शाई निघाली आणि रेघेतली तशीच राहिली. तो खरजेच्या किड्याचा बोगदा. किडा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान, मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा करत जाते आणि आत अंडी घालते. बोटांची बेचकं, मनगट, काख, बेंबी, करगोटा बांधतो ती जागा, पुरुषांच्या लिंगावर, बायांच्या स्तनाच्या बोंडाभोवती, असं पुरळ आणि रात्री जास्त खाज आणि घरात दुसऱ्यालाही खाज, हे तिन्ही जुळलं तर खरूजच समजा आणि केंद्रात दाखवा.

मॅडमनी मलम दिलं, मी पोराला लावलं, दहा दिवस बरं वाटलं, परत सुरू. दुसऱ्यांदा दोन्ही पोरांना आणि त्यांच्या बाबांना लावलं. मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, म्हटलं तर ते म्हणाले, "मले काई खाजून नाई राहिलं, मी कायले लावू?" आणि मलाही ते तेव्हा पटलं, शिवाय मला पण खाजत नव्हतं म्हणून मीही लावलं नाही. लहाना रोज आजोबांजवळ बाजेवर झोपत होता. तीन आठवड्यांनी परत तेच.

इथेच सगळे चुकतात. खाज ही किड्याच्या आणि त्याच्या घाणीच्या ॲलर्जीची असते, आणि माणसाला पहिल्यांदाच खरूज झाली असेल तर ती ॲलर्जी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत किडे अंगावर असतात, दुसऱ्याला लागत असतात, आणि खाज शून्य. म्हणून "मले खाजत नाई" या बोलण्याला खरजेत काही अर्थ नाही. एका छपराखाली जे झोपतात त्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. म्हातारी माणसं, मुक्कामी आलेला पाहुणा, होस्टेलला परत जाणारी पोरगी, सगळे. एक जण सुटला तर बाकीच्यांच्या ट्यूबा वाया. म्हातारं माणूस ऐकत नसेल तर भांडू नका, नातवाला पुढे करा, मी शेवटी तेच केलं, "आबा, तुमच्यापासून मले परत होते" असं त्यानं म्हटल्यावर मामाजींनी स्वतः ट्यूब मागून घेतली.

लावायचं असं. परमेथ्रिन 5 टक्केचं मलम लागतं, 30 ग्रॅमची ट्यूब एका मोठ्या माणसाला एकदाच पुरते, म्हणून माणसं मोजा आणि दुप्पट ट्यूबा आणा, कारण सात दिवसांनी परत लावायचं आहे. आधी केंद्रात विचारा, तिथे नसेल तर चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून आणा. नखं कापा. संध्याकाळी साधी अंघोळ करून अंग पूर्ण कोरडं आणि थंड होऊ द्या, गरम अंगावर लावू नका. मग हनुवटीच्या खालून तळपायापर्यंत, पुरळ असो नसो, इंच न् इंच. बोटांची बेचकं, नखांच्या आत, कानामागं, बेंबी, जांघ, नितंबांची फट, पायाची बोटं. पाठीला दुसऱ्याचा हात लागतोच. लहान बाळांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून, आणि हाताला मोजे बांधा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि गरोदर बाई असेल तर डॉक्टरला विचारूनच.

मग आठ ते चौदा तास अंगावर राहू द्यायचं. आणि आता बायांनो नीट ऐका, माझी तिसरी चूक इथे झाली. आठ वाजता सगळ्यांना लावलं, मलाही लावलं, आणि मग भांडी घासली. हाताचं मलम धुऊन गेलं आणि किडे सगळ्यात जास्त हातातच असतात. दोन आठवड्यांनी माझ्याच बेचक्यात ती रेघ दिसली. म्हणून स्वयंपाक, भांडी, जनावरांचं सगळं आटपून झोपायच्या आधी लावा, आणि रात्री लेकराला धुवायला किंवा कशालाही हात धुतले तर परत लावा. सकाळी अंघोळ, धुतलेले कपडे.

त्याच सकाळी गेल्या तीन-चार दिवसांतले कपडे, टॉवेल, चादरी उकळत्या पाण्यात भिजवून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. वाकळ, गादी, स्वेटर धुता येत नाही ते मोठ्या पन्नीत घट्ट बांधून ठेवा, किडा माणसाशिवाय दोन-तीन दिवसांत मरतो, मी तरी आठवडाभर उघडत नाही. घरात औषध फवारायची काही गरज नाही.

सातव्या दिवशी सगळं परत, कारण पहिल्या वेळी अंडी सगळी मरत नाहीत. बरं वाटतंय म्हणून दुसरी पाळी सोडणारी घरं मला महिन्यानं परत भेटतात.

काय लावायचं नाही तेही लिहिते. जळालेलं ऑइल नाही, रॉकेल नाही, जनावरांचं आयव्हरमेक्टिन, म्हणजे किडे मारायचं औषध, तेही नाही. त्याची माणसांसाठीची गोळी डॉक्टर वजन बघून देतात, 15 किलोच्या आतल्या लेकरांना आणि गरोदर बाईला देत नाहीत. खरजेचं जुनं औषध गॅमा बेंझिन हेक्साक्लोराइड लहान लेकरांना लावू नका, झटके येऊ शकतात. आणि कपाशीवर मारायचं औषध अंगाला लावणारी माणसं मी पाहिली आहेत. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, ते विष कातडीतूनही आत जातं. कोणी सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा.

पुरळात पू झाला, ताप आला तर आधी दवाखाना. खरजेनंतर लेकराच्या डोळ्यांभोवती सूज आली किंवा लघवी चहासारखी झाली तर एक दिवसही थांबू नका, ते किडनीवर जातं.

दोन्ही पाळ्या झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते, मेलेले किडे कातडीत असतात त्यांची ॲलर्जी. यात घाबरून रोज मलम लावू नका, कातडी जळते. ओला गार फडका ठेवा, खोबरेल लावा, रात्री झोप लागत नसेल तर डॉक्टरकडून ॲलर्जीची गोळी घ्या. मी प्रत्येक घरात भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा करून येते, पहिली रात्र, सातवी रात्र, आणि त्यानंतरचे चार आठवडे संपतात तो दिवस. त्या तिसऱ्या खुणेनंतरही नवीन पुरळ दिसलं तर कोण सुटलं ते शोधा.