रेषाखंड कसा काढावा, कसा मोजावा: चूक शोधायची शून्यापाशी

गेल्या चतुर्थीला माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीची, नवी चौकट करायची ठरली. पट्ट्यांवर खुणा मी केल्या, कापल्या मेस्ताने, म्हणजे सुताराने. चारांतली एक नेमकी एक सेंटिमीटर आखूड निघाली. टेपचं टोक झिजलेलं म्हणून ‘एक’च्या खुणेपासून सुरुवात केली होती आणि शेवटी तो एक वाढवायचा राहिला. लेकीच्या चौथीच्या वहीतल्या चुका बघतो तेव्हा बऱ्याचशा याच जातीच्या असतात.

नावं आधी पक्की करून घ्या. रेषा दोन्ही बाजूंना जातच राहते. किरणाला एका बाजूला सुरुवात असते, दुसरीकडे शेवट नसतो. दोन्ही टोकं असतात ती रेषाखंडाला, म्हणून लांबी मोजता येते ती फक्त त्याची. आपल्या गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकून पाचवीत इंग्रजीत जातात आणि तिथे तोच रेषाखंड ‘लाइन सेगमेंट’ होतो. घरी दोन्ही शब्द कानावर पडू द्या.

आता 6.5 सेंटिमीटरचा रेषाखंड काढू. पेन्सिलीला बारीक टोक काढा. बोथट टोकाची रेघच मिलिमीटरभर जाड होते आणि पट्टीवरचं सगळ्यांत लहान घर तेवढंच असतं. पावसाळ्यात वही सादळलेली असते, तेव्हा खाली पुठ्ठा ठेवा, नाहीतर टोक कागदात रुततं.

आधी एक बारीक बिंदू द्या, त्याला ‘अ’ म्हणा. पट्टीची शून्याची खूण त्यावर आणा. शून्याची खूण म्हणजे पट्टीची कड नव्हे! प्लॅस्टिकच्या बहुतेक पट्ट्यांवर शून्य कडेपासून थोडं आत असतं. तिथून 6 च्या पुढे पाच बारीक घरं मोजून ‘ब’ बिंदू द्या. रेघ त्यानंतर. मुलं उलटं करतात, शून्यापासून रेघ ओढत सुटतात आणि साडेसहाला हात थांबवायला बघतात. तो थांबतो पावणेसातला. डाव्या हाताची बोटं पट्टीवर पसरून ठेवा. एकाच टोकाला दाबलं तर दुसरं टोक सरकतं. पेन्सिलीचा कल अ पासून ब पर्यंत तोच राहू द्या. रेषाखंडाचं नाव ‘रेख अब’. ‘रेख बअ’ म्हटलं तरी तोच. किरणाच्या नावात मात्र अक्षरांची अदलाबदल चालत नाही.

मोजताना शून्य एका टोकावर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकावरचा आकडा वाचायचा, एवढंच. तरी शेजारी बसलेल्या दोघांची उत्तरं वेगळी येतात, कारण डोळा. पट्टी जाड असते, तिच्यावरच्या खुणा कागदापासून किंचित वर असतात. बाजूने पाहिलं की खूण सरकलेली दिसते. म्हणून डोळा खुणेच्या बरोबर वर आणा, नाहीतर पट्टी कडेवर उभी करा म्हणजे खुणा कागदाला टेकतील. सर्वांत चांगला उपाय कंपासपेटीतच असतो आणि तिथेच गंजतो: दोन सुयांचा डिव्हायडर. त्याच्या सुया दोन्ही टोकांवर उघडा, तसाच उचला आणि पट्टीवर टेकवा.

शून्याची बाजू झिजली असेल तर ‘एक’पासून मोजा. दुसरं टोक 7.5 वर आलं तर लांबी 7.5 वजा 1, म्हणजे 6.5. मोजताना एक वजा करायचा, काढताना एक मिळवायचा. माझी माटोळी फसली ती इथे. लहान मुलं आणखी एक करतात: एकापासून सुरुवात करून खुणा मोजतात, त्यामुळे उत्तर एकाने वाढतं. त्यांना सांगा, खुणा मोजायच्या नाहीत, दोन खुणांमधली घरं मोजायची.

तेवढ्याच लांबीचा दुसरा रेषाखंड हवा तर आकडा लागतच नाही. नवी रेघ थोडी लांब काढा, तिच्यावर एक बिंदू द्या, कंपास जुन्या रेषाखंडाच्या टोकांएवढा उघडा आणि त्या बिंदूवर सुई ठेवून रेघेवर कंस मारा. मध्य हवा असेल तर कंपास निम्म्याहून जास्त उघडून दोन्ही टोकांवरून वर-खाली कंस मारा. कंस छेदतात ते दोन बिंदू जोडले की ती रेघ रेषाखंडाला बरोबर मध्यावर कापते. माटोळीच्या पट्टीचा मध्य आम्ही सुतळी दुमडून काढतो, तेही चालतं.

मेस्त मात्र सेंटिमीटरात बोलत नाही. त्याचं माप इंच आणि सूत. इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, त्याची आठ सुतं, म्हणजे एक सूत साधारण 3.2 मिलिमीटर. त्याच्या टेपचं टोकाचं लोखंडी आकडं थोडं सैल असतं. ते बिघडलेलं नसतं. आकडं जितकं जाड, तितकंच हलतं: बाहेरून अडकवून ओढलं की पुढे येतं, आतून भिंतीला टेकवलं की मागे जातं, आणि माप दोन्हीकडे बरोबर लागतं. मी माझ्या नव्या टेपचं आकडं डिंकाने घट्ट चिकटवून ठेवलं होतं.